कोंबड्यांनी पाठ फिरवावी

नाही, मला एक सांगा, कोंबड्याच्या वर्षात जन्माला आलो हा माझा गुन्हा आहे का? मी काय आईच्या पोटात बसून पंचांग चाळत होतो, की बाबा, हे माकडाचं वर्ष संपू दे, कोंबडा लागला की निघतो? आमच्याकडे दर वर्षाला एकेक प्राणी, आलो तेव्हा आलो. पण त्या चिउ गुरुजींनी भरलेल्या हॉलमध्ये, माझा सख्खा भाऊ तिथं पेटीत आडवा पडलेला असताना, माइक हातात घेऊन... हो, माइक, गळ्यात अडकवायच्या स्पीकरसकट, बाजारात सुऱ्या विकणारे वापरतात ना, तसला... घसा खाकरून काय सांगावं? 'झाकण लागताना आज कोंबडा वर्ज्य आहे. कोंबड्यांनी पाठ फिरवावी.'

आता मला सांगा, कोंबड्यानं पाठ फिरवल्यावर बघायचं कुणी?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. दादा नेहमी म्हणायचा, 'लोई, तू गोष्ट शेपटीला धरून ओढतोस, मग ती चावते.' तर तोंडाकडून सांगतो. दादा म्हणजे थाम चाक-हिंग, माझा मोठा भाऊ. शुंग वानला सुक्या मासळीच्या रस्त्यावर फुंग शेठचं दुकान आहे, तिथं कामाला. तुम्ही त्या रस्त्यानं ट्रामनं गेला असाल तर नाकाला माहीत असेल. वाळवलेले शिंपले, वाळवलेल्या समुद्रकाकड्या, माशांच्या पोटातल्या वाळवलेल्या पिशव्या, सगळं वाळलेलं. एक फुंग शेठ तेवढा ओला, कारण तो सदानकदा तोंडात खारवलेलं आलुबुखार घोळवत असतो आणि बोलताना ते समोरच्याच्या शर्टावर येतं. मीही त्याच रस्त्यावर हातगाडी ढकलतो, खोकी इकडून तिकडे. शाळेत फार टिकलो नाही. म्हणजे शाळा टिकली, मी नाही टिकलो.

तर फुंग शेठच्या दुकानासमोर याउ शेठनं दुकान काढलं. काढलं तर काढलं. पण त्यानं दारावर आरसा लावला. आठ कोनांची लाकडी चौकट आणि मधे गोल फुगीर काच, म्हणजे आलेली पीडा काचेवर आपटून समोर परत. आणि समोर कोण? आम्ही. दुसऱ्या दिवसापासून फुंग शेठला ढेकर येईना. गिऱ्हाईक कमी झालं म्हणे. त्यानं चिउ गुरुजींना बोलावलं. गुरुजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, मागून ट्राम घंटी बडवतेय, गुरुजी हलायला तयार नाहीत, होकायंत्र धरून डोळे मिटले आणि म्हणाले, 'शेठ, तुम्ही बशीएवढा लावा.' लावला. चढलं कोण शिडीवर? दादा. मग याउ शेठनं ताटाएवढा लावला. मग आम्ही त्याहून मोठा. पुन्हा दादा. मी एकदा विचारलं, 'दादा, समोरच्याला कोण सांगतं रे, किती मोठा लावायचा ते?' दादा हसला. 'चिउ गुरुजीच. दोघांकडून दक्षिणा घेतात. त्यांना कसली पीडा लागतेय, ते तर मधे उभे असतात.'

दादा असा होता. सगळं कळायचं आणि तरी शिडी धरायचा. मला कळत नाही आणि मी धरत नाही, हा आमच्यातला फरक. होता.

शेवटी फुंग शेठनं परातीएवढा आरसा मागवला. गुरुजींनी दिवस काढून दिला. पंचांगात त्या दिवशी चक्क लिहिलेलं, उंचावर चढण्यास उत्तम. मी खोटं सांगत नाही, दुकानात पान अजून आहे, जाऊन वाचा. दादा चढला. दोन्ही हातांत आरसा, शिडी धरायला पोऱ्या नाही कारण पोऱ्या शेठचा चहा आणायला गेलेला, आणि दोन उंच इमारतींच्या फटीतून सकाळचं ऊन नेमकं याउ शेठच्या आरशावर पडलं आणि तिथून थेट दादाच्या डोळ्यांत. बस. त्यानं डोळ्यांवर हात नेला नाही. हातात शेठचा आरसा होता ना. डोळे मिटले आणि गेला मागे, आरसा छातीशी धरून, तान्हं मूल धरतात तसा.

मी गाडी टाकून धावलो. फुंग शेठ माझ्या आधी पोचला. वाकला. मला वाटलं दादाला उचलतोय. त्यानं आरसा उचलला. फुंकर मारली, बाहीनं पुसला, उन्हात धरून बघितला. म्हणाला, 'ओरखडासुद्धा नाही. अस्सल आहे.' मग खाली बघितलं. 'आ-हिंग? अरे आ-हिंग?' आणि आलुबुखाराची बी गिळली, कारण थुंकायची कुठं, दादा होता ना खाली.

असो.

आता आईचं ऐका. आमच्याकडे मुलाच्या अंत्यविधीला आईनं जायचं नसतं. नियम आहे. का, ते मला विचारू नका, गुरुजींना विचारा, ते होकायंत्र काढतील. आई घरी बसली, शाम शुई पोच्या आमच्या खोलीत, जिथं पलंगावरून पाय खाली टाकले की स्वयंपाकघर लागतं. मला जवळ बोलावलं. मला वाटलं रडेल. आई म्हणाली, 'लोई, त्याचा भांग बघ.'

मी म्हटलं, 'काय बघू?'

'भांग. उजवीकडे हवा. त्याच्या डोक्यावर दोन भोवरे, केस दुसरीकडे बसतच नाहीत. ती हॉलवाली माणसं सगळ्या पुरुषांचे केस मागे फिरवतात, बँकेतल्या साहेबासारखे. तुझ्या बाबांनी जाताना हिंगला शेवटचं बघितलं तेव्हा तो चौथीत होता. तू पाळण्यात होतास. रोज सकाळी पाणी लावून मी त्याचा उजवीकडे भांग पाडायचे. तिकडे गेल्यावर एवढा वाढलेला बाप्या ते कसा ओळखणार? भांगावरूनच ओळखतील. झाकण लागताना बघ आणि मला येऊन सांग. मला नुसतं सांग, बास.'

मी म्हटलं बघतो. एवढं तर बघतो. दादासाठी मी आयुष्यात काय केलं होतं दुसरं? त्यानं मला हातगाडी घेऊन दिली, माझी भांडणं मिटवली, माझ्या वाटचा मारसुद्धा खाल्ला. मला एक भांग बघायचा होता.

सकाळी हुंग हॉमला हॉलवर गेलो. मागच्या खोलीत काचेपलीकडे दादा. आणि केस? मागे. बँकेतला साहेब. ओठांना लाली, नव्या वर्षाला दारावर चिकटवतात त्या चित्रातल्या गुबगुबीत पोरासारखी. मी जाऊन साजशृंगार करणाऱ्या लिउ बाईंना धरलं. बाईंच्या एका कानात इअरफोन, घोड्यांच्या शर्यती चालू. मी आईचा लाल कंगवा पुढे केला. 'बाई, भांग उजवीकडे हवा.'

बाई म्हणाल्या, 'त्याच्या उजवीकडे की माझ्या?'

'त्याच्या.'

'म्हणजे माझ्या डावीकडे.'

'हो. म्हणजे... तुम्ही उभ्या कुठं राहता?'

'डोक्याशी.'

'मग... मग तुमच्या उजवीकडे. नाही का? थांबा.' मी वळून उभा राहिलो, मग परत वळलो, मग जरा वाकून बघितलं. बाई म्हणाल्या, 'पोरा, तू नाचू नकोस. कंगवा ठेव. आता हात लावता येत नाही, झाकणाच्या आधी शेवटचा हात फिरवते, तेव्हा पाडते.' आणि लगेच कानाला हात. 'गेला. चौथा आला.' मला कळेना, घोडा की दादा.

तर म्हणजे खरा भांग झाकणाच्या आधी पडणार. कळतंय ना तुम्हाला? आधी बघून उपयोग नाही, नंतर बघता येत नाही. मधे जो काय चहाच्या घोटाएवढा वेळ असेल तेवढ्यातच बघायचं.

आणि नेमका तेवढ्यात तो माइक. 'कोंबड्यांनी पाठ फिरवावी.'

मी पुढे गेलो. म्हटलं, 'गुरुजी, मी भाऊ आहे.'

'भाऊ आहेस, पण कोंबडा आहेस.'

'थोडा बघतो. तिरका बघतो.'

'तिरक्या कोंबड्यालाही तेच लागू आहे.'

'गुरुजी, शिडीचा दिवसही तुम्हीच काढला होता.' हे मी जरा मोठ्यानं म्हणालो असेन. माइकनं ते पकडलं. सगळ्या हॉलला ऐकू गेलं, शिडीचा दिवसही तुम्हीच काढला होता... होता... होता. गुरुजींनी माइक बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं जणू मी देवाचा नैवेद्य उष्टा केला. 'शिडीचा दिवस उत्तम होता,' म्हणाले, 'तुझा भाऊ उंदीर होता, त्याची वेळ चुकली.'

मला मारायचं होतं. मी मुठी वळल्याही. पण आत्यानं मागून कॉलर धरली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, तिची पकड अशी की मासळीबाजारात खेकडे तिला बघून मागे सरकतात. कानाशी येऊन म्हणाली, 'तुझ्या आईकडे आता एकच उरलाय. तोही पेटीत घालू का? फिर.'

आता बोला. आईनंच सांगितलं बघ, आणि आईसाठीच बघायचं नाही.

बरं, मी म्हटलं ठीक, मी फिरतो, पण आत्या आहे ना. आत्या बैलाच्या वर्षातली, बैलांना मोकळीक होती. पण गुरुजींचं अजून संपलं नव्हतं. माइक परत चालू. 'वाघ, ससा यांनीही फिरावं. गर्भवतींनी फिरावं. ज्यांचं लग्न ठरलंय त्यांनी. नवीन घर घेतलंय त्यांनी. नवीन दुकान उघडतंय त्यांनी. नुकतं ऑपरेशन झालंय त्यांनी.' आत्याच्या गुडघ्याचं झालेलं. गेली आत्या. फिरली. चुलतभावाची बायको पोटुशी, ती फिरली, तिचा हात धरून चुलतभाऊही फिरला, जणू त्यालाही दिवस गेलेत. फुंग शेठची मोंग कोकला शाखा उघडतेय, तो तर गुरुजींचं वाक्य संपायच्या आत फिरला. आणि दादाची शाउ-लान... दोघं वर्षभर रोज संध्याकाळी माशाच्या गोळ्यांच्या गाडीवर उभे असायचे, एकाच काडीनं खायचे... तिला तिच्या आईनं खांद्याला धरून फिरवलं. हळू म्हणाली पण ऐकू आलं, 'तुला पुढे कुणाशीतरी करायचंच आहे ना?' शाउ-लान फिरली. तिची पाठ हलत होती.

बाकी जे उरले ते नुसतं एकमेकांकडे बघायला लागले. ट्रामवाले मामा आले होते, ते म्हणाले, 'माझं काही नाही, पण उगाच कशाला?' आणि फिरले. याउ शेठही आला होता, हो, समोरचा, फुलांचं चक्र घेऊन. तो म्हणाला, 'माझी तर दाढ काढलीय परवा, तेही ऑपरेशनच,' आणि फिरला. लिउ बाई कंगवा घेऊन आत वाकल्या, पण त्यांचं लक्ष पाचव्या घोड्यात. झाकणवाली चार माणसं, पांढरे हातमोजे, ती तर तोंड बघतच नाहीत, ती खिळ्यांची भोकं बघतात.

एवढा भरलेला हॉल, आणि दादासमोर सगळ्या पाठी. काळे कोट, ओळीनं, जणू ड्रायक्लीनिंगवाल्याकडे लटकवलेत. माझा दादा, ज्यानं ह्यातल्या निम्म्यांची खोकी फुकट उचलून दिली होती.

आता मला सांगा, बघायचं कुणी?

आणि इथं एक गोष्ट राहिली सांगायची. माझ्या काखेत पुडकं होतं. सकाळी हॉलच्या दारात फुंग शेठनं दिलेलं, लाल कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी, वाकून. मला वाटलं फळं असतील. म्हणाला, 'लोई, हा तोच आरसा. ज्यानं मरण बघितलंय तो दुकानावर लावता येत नाही, गुरुजी नाही म्हणाले. टाकताही येत नाही, माझ्या नावावर पीडा लागेल. तुमच्या घरी राहू दे. भावाची आठवण. अस्सल आहे रे, ओरखडासुद्धा नाही.' मी मठ्ठासारखा घेतला. नाही म्हणायचं सुचलं ते दुपारी.

तर मी पाठ फिरवून उभा, समोर सगळ्यांच्या पाठी, मागे हातमोजेवाल्यांच्या बुटांचा आवाज, काखेत परात. आणि माझ्या डोक्यात, खूप दिवसांनी, एक गोष्ट आली. पाठ फिरवा असं म्हणालेत. आरशात बघू नका असं कुठं म्हणालेत?

फाडला कागद. आरसा छातीशी धरला, जरा खांद्यावर वाकवला. आणि पहिल्यांदा काय दिसलं? माझं नाक. फुगीर काच ना. नाक एवढं मोठं, कलिंगडासारखं, रडून लाल झालेलं, आणि त्याच्या मागे, पार लांब, सुक्या कोळंबीएवढा दादा. लिउ बाईंचा हात वर गेला, लाल कंगवा दिसला, खाली आला. हात बाजूला झाला. आणि मला दिसली, दादाच्या डोक्यावरची पांढरी रेघ. भांग. पाडला होता बाईंनी. मी बघितला. कपाळ शांत होतं की नाही ते नाही दिसलं, तेवढं मोठं दिसत नाही त्यात, पण रेघ दिसली, आणि मी मनात म्हटलं, आई, बघितला.

तेवढ्यात आत्या वळली. म्हणजे वळायचं नव्हतं पण वळली, आणि आरसा बघून तिचा चेहरा कणकेसारखा झाला. 'अरे मेल्या, खाली घे.' गुरुजींचं लक्ष गेलं. माइकमधूनच ओरडले, 'पेटीवर आरसा धरतोस? मृताची सगळी पीडा उलटून कुणाच्या अंगावर जाईल?'

झालं. पेटीकडे न बघणारी सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी दचकून हात खाली घेतला, तर आरसा फिरला पाहुण्यांकडे, आणि तुम्हाला सांगतो, पहिली ओळ खाली बसली. काळे कोट एकदम गुडघ्यावर. याउ शेठ खुर्चीखाली. पोटुशी बायको नवऱ्यामागे, नवरा खांबामागे. मग मी... आता खोटं कशाला सांगू, तोपर्यंत चुकून फिरला होता, इथून पुढे मुद्दाम फिरवला. सावकाश. फुंग शेठ कुठं जातो ते शोधत. तो सरकला डावीकडे, आरसा डावीकडे. तो उजवीकडे, आरसा उजवीकडे. शेवटी तो स्वतःच पाठवलेल्या फुलांच्या चक्राआड जाऊन लपला, ज्यावर हातभर अक्षरांत त्याचंच नाव लिहिलेलं होतं. वर नाव, खाली बूट. 'लोई,' आतून आवाज येतोय, 'लोई, माझ्या नवीन शाखेचा तरी विचार कर.'

शाउ-लान हसली. बघितलं मी. रडता रडता फस्सकन हसली, आणि तिच्या आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. दादा असता तर तोही हसला असता. दादा होताच की तिथं. मी मागे वळलो, त्याला दाखवायला, की बघ दादा...

झाकण लागलेलं होतं. हातमोजेवाले खिळे मोजत होते.

तर असं. त्या गोंधळात तेही गेलं.

बाहेर पडताना सगळ्यांना कागदात साखरेची गोळी देतात, घरी जायच्या आत खाऊन टाकायची, कडू तोंड गोड होतं म्हणे. फुंग शेठनं ओंजळभर घेतल्या आणि फुटपाथवर उभा राहून कडाकडा फोडल्या. मी माझी गिळली, अख्खी. घशात अजून आहे असं वाटतं.

घरी पोचलो तर आई दारात, पपनसाची पानं घातलेली पाण्याची बादली घेऊन. तोंड धू, हात धू, मग आत ये. मी तोंड धुतोय तोवर थांबली. मग, 'बघितलास?'

'बघितला.'

'होता?'

'होता, आई. भांग होता. उजवीकडे.'

'त्याच्या उजवीकडे, की आरशातल्या उजवीकडे?'

आत्याचा फोन माझ्याआधी घरी पोचला होता.

मी पाण्यात हात घालून उभा राहिलो. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की आरशात उलटं दिसतं. शाळेत टिकलो असतो तर कदाचित हॉलमध्येच आलं असतं. मी डोळे मिटून आठवायला लागलो. रेघ होती, पांढरी, सरळ... फुंग शेठच्या फुलांच्या चक्राच्या बाजूला होती. म्हटलं सापडलं. चक्र कुठल्या बाजूला होतं? मग आठवलं, त्या मेल्यानं दोन पाठवली होती, दोन्ही बाजूंना एकेक.

आईनं माझ्याकडे बघितलं. बादली बाजूला ठेवली. पलंगावरच्या घड्या केलेल्या चादरी उचलल्या आणि सरळ उताणी झोपली. हात दोन्ही बाजूंना. म्हणाली, 'पाय खिडकीकडे होते ना त्याचे? मी हिंग आहे. आरसा घे. तसाच उभा राहा.'

'आई, नको ना.'

'राहा म्हणते ना.'

तिनं पडल्यापडल्या कंगव्यानं आपल्या केसांचा उजवीकडे भांग पाडला. मी पाठ फिरवली, आरसा धरला. नाक. नाकामागे आई. मी म्हटलं, 'हो, असाच होता.' आईनं भांग मोडला, डावीकडे पाडला. 'आता बघ.' मी बघितलं. 'हो... असाच होता.' आई म्हणाली, 'दोन्ही असाच कसा असेल, गाढवा?' परत उजवीकडे. परत डावीकडे. मी ह्या खांद्यावरून बघ, त्या खांद्यावरून बघ. आरशात आईच्या डोळ्यांतलं पाणी दिसत होतं, दोन्ही कानांत सारखं जात होतं, डावं-उजवं काही न बघता.

तेवढ्यात आत्या डबा घेऊन आली. दार उघडंच. पलंगावर आई हात पसरून ताठ, मी पाठ करून परातीएवढा आरसा धरलेला. आत्यानं डबा दारातच टेकवला. 'अगं, हे काय चाललंय?'

आई न हलता म्हणाली, 'गप्प बस गं. मेलेय मी.'

आत्या बसलीच खाली. पण तिलाही विचारलं आईनं, 'तू वळली होतीस ना? तू बघितलास?' आत्या म्हणाली, 'मी आरसा बघितला, पेटी नाही.' शाउ-लानला फोन केला, ती नुसती रडली, मागून तिच्या आईनं फोन ठेवला. लिउ बाईंना मी दुसऱ्या दिवशी जाऊन गाठलं. त्या म्हणाल्या, 'पोरा, दिवसाला कितीतरी डोकी असतात. तू सांगितलं तिकडेच पाडला असेन.' मी विचारलं, 'मी कुठं सांगितलं होतं?' बाई म्हणाल्या, 'तेच तर. तू नाचत होतास.'

आता मला सांगा, बघायचं कुणी, आणि विचारायचं कुणाला? दादा तिकडे पोचला असेल, बाबा दारात उभे असतील, येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याकडे बघत असतील. आणि भांग जर उलटा असेल, तर सरळ त्याच्या अंगावरून पुढे बघतील, म्हणतील, हा माझा नाही, हा कुणीतरी बँकेतला आहे.

आरसा माझ्या पलंगाखाली आहे. लावता येत नाही, टाकता येत नाही. शिवाय पालथा घातलाय.

आणि तुम्हाला सगळ्यात वरची गोष्ट सांगतो. दादाच्या जागेवर फुंग शेठनं मलाच घेतलं. भाऊ गेला तर भाऊ घ्यावा, पुण्य लागतं म्हणाला. मी तोंडावर नाही म्हणणार होतो, पण घरात दुसरा पगार नाही. परवा शेठ आलुबुखार घोळवत आला, शर्टावर शिंतोडे, म्हणाला, 'लोई, याउनं अजून मोठा लावलाय. आपलाही आलाय, त्याहून वीतभर मोठा. गुरुजींनी दिवस काढून दिलाय, आणि त्या दिवशी चढायला माणूस कोंबड्याच्या वर्षातलाच हवा म्हणतात. कोंबडा पीडेला पळवतो. तुझं नशीब बघ.'

म्हणजे भावाच्या तोंडाकडे बघायला कोंबडा चालत नाही, शिडीवर चालतो.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ओरडेल, जाऊ नको म्हणेल, फुंग शेठच्या सात पिढ्या काढेल. काही नाही. भांडी पुसत होती, पुसून झाली. मग लाल कंगवा घेतला, लिउ बाईंकडून परत आणलेला, तो पाण्यात बुडवला, मला स्टुलावर बसवलं आणि माझा भांग पाडला. उजवीकडे. दाबून, पाणी लावून. आता रोज सकाळी पाडते, मी एवढा बाप्या झालोय तरी. मी म्हटलं, 'अगं आई, मला पाडता येतो की, आरशात बघून.' आई म्हणाली, 'आरशाचं नाव काढू नकोस. गप्प बस. दोघांतल्या एकाचा तरी नक्की माहीत असू दे.'